लघुलहरींवरील ख्रिस्ती नभोवाणी आणि तिच्या यंत्रांची सुधारणा

नवीन पनवेलच्या बाजूस, कळंबोलीजवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्थेची इमारत आहे. त्या वाटेनें रोज शाळेस जाणाऱ्या मुलांपैकीं फारच थोड्यांस ती कशासाठीं आहे हें ठाऊक असेल. पृथ्वी हा एक प्रचंड लोहचुंबक आहे, आणि त्या चुंबकाची शक्ति क्षणोक्षणीं कशी कमीअधिक होते हें मोजून लिहून ठेवण्याचें काम या संस्थेकडे आहे. तिचें मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत सांपडतें. ती वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली व १८४१ पासून तेथें चुंबकत्वाच्या नोंदी होऊं लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावरील क्षोभाचा मोठा तडाखा पृथ्वीस बसला, तेव्हां कुलाब्यास घेतलेल्या नोंदी आजही जगभरचे शास्त्रज्ञ आदरानें चाळतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येण्याचें घाटूं लागलें. त्यांच्या प्रवाहानें नाजूक उपकरणें फसतील म्हणून १९०४ सालीं हें काम समुद्रापलीकडे अलिबागेस नेण्यांत आलें, आणि १९७१ सालीं ही स्वतंत्र संस्था झाली.

नभोवाणीच्या लेखांत ही चुंबकाची कथा कशाला, असें कोणी विचारील. कारण असें कीं, जमिनीपासून शेंकडों किलोमीटर उंचीवर हवेचा जो अतिशय विरळ व विद्युद्भारित थर आहे, त्याचाही अभ्यास येथें होतो. त्या थरास आयनांबर म्हणतात. तो थर नसता तर समुद्रापलीकडील केंद्रावरून म्हटलेलें मराठी गीत पनवेलच्या गच्चीवर कधींच ऐकूं आलें नसतें.

अशीं गीतें खरोखर येत आलीं आहेत. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीचें ध्वनिमुद्रणाचें एक केंद्र पुण्यास आहे. अनेक भारतीय भाषांतील प्रवचनें, भजनें व आरोग्यविषयक भाषणें तेथें तयार होत आलीं. त्यांत मराठीही आहे. पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरला कीं आलें पनवेल; परंतु हे कार्यक्रम त्या वाटेनें येत नाहींत. ते प्रथम पॅसिफिक महासागरांतील ग्वाम बेटावर जातात, आणि तेथील लघुलहरींच्या केंद्रावरून सुमारें साडेसात हजार किलोमीटरांचा प्रवास करून पुन्हां आपल्या सह्याद्रीकडे वळतात. १९८७ सालीं हें केंद्र सुरू झालें, तेव्हां तेथें प्रत्येकीं शंभर किलोवॅटचीं दोन प्रक्षेपक यंत्रें होतीं.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? मुंबईचें पहिलें नियमित केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड अर्विन यांच्या हस्तें उघडलें. तें खाजगी कंपनीचें होतें. पण ती कंपनी बुडाली आणि १९३० सालीं सरकारनें तें काम आपल्या हातीं घेतलें. तेव्हांपासून पुष्कळ वर्षें आपल्या देशांत ध्वनिप्रक्षेपण हा सरकारचाच अधिकार राहिला. २००१ पासून एफ. एम्. वर खाजगी केंद्रें आलीं खरीं, तथापि लघुलहरींवर कोणत्याही खाजगी किंवा धार्मिक संस्थेस प्रक्षेपक उभारण्याची मोकळीक नाहीं. म्हणून ज्यांना आपल्या भाषेंत शुभवर्तमान दूरवर पोहोंचवावयाचें आहे, ते कार्यक्रम येथें करितात व यंत्रें दुसऱ्या देशांत उभारितात. यांत एक अडचण उघड आहे. बोलणारा एका देशांत, यंत्र दुसऱ्या देशांत आणि ऐकणारा तिसऱ्याच खेड्यांत! यंत्र बिघडलें किंवा क्षीण झालें तर ऐकणाऱ्यास त्याचें कारण कळत नाहीं, आणि बोलणाऱ्यास तर आपला आवाज पोहोंचत नाहीं हेंही कळत नाहीं. यंत्रांची सुधारणा हा अशा केंद्रांच्या जीवनमरणाचा प्रश्न होतो तो याच कारणानें.

लघुलहरी कशा प्रवास करितात तें थोडक्यांत पाहूं. लहरीची लांबी काढावयाची असल्यास ३०० ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें. म्हणजे १५ मेगाहर्ट्झची लहर २० मीटर लांबीची व ६ मेगाहर्ट्झची लहर ५० मीटर लांबीची होते. या लहरी तिरप्या वर जातात, आयनांबरास लागून वांकतात व दूर कोठें तरी खालीं उतरतात. भिंतीवर चेंडू मारल्यावर तो जसा उलटतो तसेंच हें आहे असें स्थूल मानानें समजावें. बारकाईनें पाहतां लहर आदळून उलटत नाहीं, तर थरांतून जातां जातां हळूहळू वळते. एका टप्प्यांत ती फार तर चार हजार किलोमीटरांच्या आसपास जाते. त्यापुढें जावयाचें तर जमिनीवरून किंवा समुद्रावरून पुन्हां उसळी घ्यावी लागते. ग्वामहून येणाऱ्या लहरीस निदान दोन टप्पे घ्यावे लागतात, आणि प्रत्येक टप्प्यास तिची कांहीं शक्ति खर्ची पडते. शिवाय आयनांबर हें कांहीं दगडी छप्पर नव्हे. तें सूर्याच्या किरणांनीं बनतें, म्हणून दिवसा एक असतें, रात्रीं निराळें. दिवसा आंखूड लहरी चांगल्या चालतात, रात्रीं लांब. सूर्यावरील डागांचें चक्र सुमारें अकरा वर्षांचें असतें. त्याप्रमाणेंही फरक पडतो. १० मे २०२४ च्या सुमारास सूर्यावरून मोठें चुंबकीय वादळ आलें, आणि लडाखमधील हान्ले येथें आकाशांत तांबडा प्रकाश दिसला, हें पुष्कळांस आठवत असेल. तशा वादळांत लघुलहरींवरील केंद्रें तासनतास क्षीण होतात, कधीं मुळींच ऐकूं येत नाहींत. त्यावर कोणत्याही यंत्राचा उपाय चालत नाहीं. वाट पाहणें एवढेंच हातीं असतें.

ख्रिस्ती जगांत या साधनाचा उपयोग करण्यास फार उशीर झाला नाहीं. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं व्हॅटिकन येथील केंद्राचें उद्घाटन झालें. तें केंद्र खुद्द मार्कोनी यांनीं उभारिलें होतें, आणि पोप अकरावे पायस त्यावरून लॅटिन भाषेंत जगास उद्देशून बोलले. त्याच वर्षीं, नाताळच्या दिवशीं, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास एक अगदींच लहान केंद्र सुरू झालें. दक्षिण अमेरिकेंतील इक्वादोर देशाची राजधानी किटो हें तें ठिकाण. क्लॅरन्स जोन्स व रूबेन लार्सन हे अमेरिकन मिशनरी त्याचे संस्थापक होते. यंत्राची शक्ति सुमारें दोनशें वॅट, म्हणजे आपल्या घरांतील दोन-तीन पंख्यांना लागते तेवढी! त्या काळीं त्या देशांत आवाज ग्रहण करणारीं यंत्रें बोटांवर मोजण्याइतकींच होतीं, म्हणून अनेकांस हा उद्योग वेडेपणाचा वाटला. व्हॅटिकनची कथा प्रसिद्ध आहे. किटोची मात्र आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं, आणि यंत्रसुधारणेच्या दृष्टीनें तीच अधिक बोधप्रद आहे. म्हणून ती जरा विस्तारानें सांगतों.

किटो शहर विषुववृत्ताच्या अगदीं जवळ, समुद्रसपाटीपासून सुमारें २,८५० मीटर उंचीवर आहे. आपलें महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरांवर आहे, यावरून कल्पना करावी. लहान यंत्रावर आठ-नऊ वर्षें काढल्यावर तेथें १० किलोवॅटचें नवें यंत्र बसविण्यांत आलें व १९४० सालच्या ईस्टरला तें चालू झालें. आवाज एकाच दिशेस जोरानें जावा म्हणून त्यास ॲल्युमिनियमच्या नळ्यांचें नवें एरियलही जोडिलें. दूरदूरच्या देशांहून पत्रें येऊं लागलीं. पण थोड्याच दिवसांत एक विलक्षण प्रकार दिसूं लागला. रात्रीं एरियलच्या नळ्यांच्या टोकांशीं निळसर ज्वाळा निघत, चरचर आवाज होई, आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब खालीं पडत. नवें एरियल आपल्याच शक्तीनें जळून जाऊं लागलें होतें!

याचें कारण उंचीवरील विरळ हवा. हवा ही सामान्यतः विजेला अडविते. समुद्रसपाटीस एका सेंटिमीटर अंतरांतून ठिणगी उडावयास सुमारें तीस हजार व्होल्टांचा दाब लागतो. किटोच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरतो, व त्या मानानें ठिणगीही लवकर उडते. आतां सरळ नळीच्या एरियलांत विजेचा दाब सर्वांत अधिक असतो तो तिच्या मोकळ्या टोकांशीं. म्हणजे जेथें धोका अधिक, तेथेंच बचाव कमी. जें एरियल समुद्रकांठीं सुखानें चाललें असतें तेंच त्या पर्वतावर टिकेना.

क्लॅरन्स मूर हे त्या केंद्राचे यंत्रज्ञ होते. त्यांनीं प्रथम एक घरगुती उपाय केला. टोंक अणकुचीदार असलें कीं ठिणगी लवकर उडते, गोल असलें कीं उशिरां. म्हणून त्यांनीं संडासाच्या पाण्याच्या टांकींत तरंगतात तसे तांब्याचे पोकळ गोळे आणून नळ्यांच्या टोकांस बसविले. याची थट्टा करण्याचें कारण नाहीं; विचार शास्त्रशुद्ध होता. परंतु गोळ्यांमुळें एरियलचा मेळ बिघडला, आणि ज्वाळाही पुरत्या थांबल्या नाहींत. १९४२ च्या उन्हाळ्यांत मूर हे पोसोर्हा या समुद्रकांठच्या गांवीं सुट्टीस गेले, ते एरियलविषयक ग्रंथांचा भारा बरोबर घेऊन. त्या सुट्टींत त्यांनीं पुष्कळ वाचन केलें, आंकडेमोड केली, आणि प्रार्थनाही केली. प्रार्थनेनें युक्ति सुचली कीं पुस्तकें चाळल्यानें, हा वाद घालीत बसण्याचें प्रयोजन दिसत नाहीं, कारण मूर यांनीं दोन्ही केलें.

युक्ति अशी होती. टोंकाशीं धोका आहे ना? मग टोंकच ठेवूं नये. तार वळवून तिचा चौकोन करावा, म्हणजे ती जेथून निघाली तेथेंच येऊन मिळेल. एक पूर्ण लहर मावेल एवढ्या तारेची चौकट, आणि तिच्या पाठीमागें तशीच दुसरी चौकट, पहिलीकडून मागें जाणारी शक्ति पुन्हां पुढें ढकलण्यासाठीं. चौकटीस मोकळें टोंक नसतें, म्हणून विजेचा दाब एके ठिकाणीं सांचत नाहीं. किटोस परत येऊन त्यांनीं अशी चौकट उभारिली आणि ज्वाळा बंद झाल्या. मूर यांना या रचनेचें पेटंट १९५१ सालीं मिळालें. आज जगभर हौशी बिनतारी-संदेशक आपल्या गच्चीवर बांबूच्या किंवा फायबरच्या काड्यांवर ताणलेल्या ज्या चौकटी उभारितात, त्या याच रचनेच्या. एका मिशनच्या केंद्रावर अडचणींतून निघालेली युक्ति सगळ्या जगाच्या उपयोगी पडली.

पुढें किटोचें केंद्र शहराबाहेर पिफो येथें गेलें. शंभर किलोवॅटचीं यंत्रें आलीं. १९८१ सालीं पांचशें किलोवॅटचें यंत्रही त्यांच्याच यंत्रज्ञांनीं बांधून घेतलें. एवढी वीज आणावयाची कोठून? आपल्याकडे टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस घाटावरून पाणी उतरवून वीज काढली, तशीच त्या मिशननें अँडीज पर्वतांत पापायाक्ता येथें स्वतःचें जलविद्युत् केंद्र उभारिलें. परंतु या साऱ्या वैभवाचा शेवट कशानें झाला पहा. किटोचा नवा विमानतळ जवळ यावयाचा होता, आणि उंच मनोरे विमानांच्या वाटेंत येत होते. २००९ सालीं पिफोचें केंद्र बंद झालें. नवी मुंबईंत विमानतळासाठीं टेंकडी कापली गेली व नदीचा प्रवाह वळविला गेला हें आपण पाहिलें आहे. विमानतळापुढें मनोऱ्यांचा काय पाड! त्याच संस्थेचें ऑस्ट्रेलियांतील कननरा येथील केंद्र मात्र २००३ सालीं सुरू झालें व त्यावरून हिंदी कार्यक्रम आपल्याकडे येऊं लागले.

आतां आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या समोरचें एक उदाहरण. हिंदी महासागरांत सेशेल्स बेटें आहेत. तीं मुंबईपासून सुमारें सव्वातीन हजार किलोमीटर दूर, म्हणजे लघुलहरींच्या बरोबर एका टप्प्यांत. 'फेबा' नांवाच्या इंग्लंडमधील ख्रिस्ती संस्थेनें १९७० पासून २००३ पर्यंत तेथील माहे बेटावरून भारताकडे व पूर्व आफ्रिकेकडे प्रक्षेपण केलें. बेट डोंगराळ, सपाट जागा दुर्मिळ. म्हणून त्यांनीं एरियलचे मनोरे समुद्रांतच, प्रवाळाच्या खडकावर उभे केले. ओहोटी आली म्हणजे यंत्रज्ञ पाण्यांतून चालत जाऊन तारा तपाशीत. यांत सोयीबरोबर एक फायदाही होता. खारें पाणी हें विजेचें उत्तम वाहक असल्यानें त्यावरून लहर अगदीं सपाट कोनांत निघते, आणि जितका कोन सपाट तितका टप्पा लांब. पण तेंच खारें पाणी लोखंड खातें. ज्यांचीं घरें वाशीच्या किंवा बेलापूरच्या खाडीकांठीं आहेत त्यांना खिडक्यांच्या गजांवरून याची साक्ष पटेल. तारा, सांखळ्या, चिनीमातीचे विद्युत्‌रोधक, जोडांवरचे खिळे, सगळें ठराविक काळानें बदलावें लागतें. 'सुधारणा' म्हटली कीं नवें चकचकीत यंत्र डोळ्यांपुढें येतें, परंतु अशा केंद्रांत सुधारणेचा मोठा भाग गंजलेली तार उतरवून नवी तार चढविण्यांत जातो, आणि त्याचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं.

एरियलला एवढें महत्त्व कां, तें आंकड्यांनीं सांगतां येतें. समजा, एका केंद्राचें यंत्र १० किलोवॅटचें आहे व तें काढून १०० किलोवॅटचें बसविलें. खर्च दसपट वाढला. ऐकणाऱ्याकडील लहरीची तीव्रता मात्र दसपट होत नाहीं, ती वर्गमुळाच्या हिशेबानें तिपटीहून थोडी अधिक होते. उलट, दिव्याच्या मागें आरसा ठेविला म्हणजे तेल न वाढवितां पुढचा प्रकाश वाढतो, तसें एरियलचें आहे. दोन उंच मनोऱ्यांच्या मध्यें आडव्या तारांच्या चार ओळी, प्रत्येक ओळींत चार तारा, आणि त्यांच्या मागें तारांचाच एक पडदा, असें एरियल सर्व दिशांस सारखी शक्ति फेंकणाऱ्या काल्पनिक एरियलाच्या मानानें एका दिशेस सुमारें शंभरपट शक्ति देतें. तिच्यासाठीं विजेचें एकही युनिट जास्त लागत नाहीं. म्हणून शहाणे यंत्रज्ञ देणगी हातीं येतांच प्रथम एरियलकडे पाहतात, मग यंत्राकडे. मात्र असा झोत अरुंद असतो. महाराष्ट्राकडे नेमलेला झोत चुकून बाजूस सरकला तर सगळा खर्च अरबी समुद्रांत जातो.

यंत्रांतील सुधारणा मुख्यतः विजेच्या बिलाशीं निगडित आहे. आपण जी नेहमीची लघुलहर ऐकतों तिच्यांत एक वाहक लहर असते व तिच्यावर आवाज चढविलेला असतो. आवाज पूर्ण भरानें चढविला तरी एकूण शक्तीचे दोन तृतीयांश त्या वाहक लहरींतच राहतात, आणि वाहक लहर स्वतः एक अक्षरही बोलत नाहीं. बैलगाडींत दोन पोतीं गाडीचेंच वजन व एक पोतें धान्य, असा हा व्यवहार आहे. शिवाय जुन्या यंत्रांत आवाज चढविण्यासाठीं मोठमोठे व्हॉल्व्ह व टनावारी वजनाचा ट्रान्सफॉर्मर लागे. त्यांत पुष्कळ वीज उष्णता होऊन जाई. १९८० नंतर एक नवी रीत आली. ट्रान्सफॉर्मराऐवजीं अनेक लहान लहान वीजपुरवठे एकावर एक रचावयाचे, आणि आवाज जसा चढेल-उतरेल तशा त्यांच्या पायऱ्या जोडावयाच्या अथवा तोडावयाच्या. शेवटचा मोठा व्हॉल्व्ह मात्र अशा अनेक यंत्रांत अजून आहे. त्यास थंड ठेवण्यासाठीं शुद्ध पाणी सतत खेळवावें लागतें.

यानें किती बचत होते? समजा, १०० किलोवॅटची वाहक लहर काढण्यास जुनें यंत्र दर तासास २०० युनिटें घेई, म्हणजे निम्मी वीज फुकट जाई. नव्या यंत्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर तेंच काम सुमारें १४३ युनिटांत होतें. दर तासास ५७ युनिटें वांचलीं. रोज दहा तास प्रक्षेपण असेल तर वर्षाला दोन लाखांहून अधिक युनिटें झालीं. लोकांच्या लहानमोठ्या देणग्यांवर चालणाऱ्या केंद्रास ही रक्कम क्षुल्लक नाहीं.

आवाज केंद्रापर्यंत पोहोंचविण्याच्या कामीं झालेली सुधारणा तर सर्वांत सोपी व सर्वांत मोठी. पूर्वीं पुण्याबंगळूरच्या ध्वनिमुद्रणगृहांतून फितींचीं रिळें विमानटपालानें बेटावर जात. आजचें प्रवचन श्रोत्यांस कित्येक आठवड्यांनीं ऐकूं येई, आणि पूर, भूकंप अथवा दंगल झाली तर त्याविषयीं धीराचे दोन शब्द वेळेवर सांगणें अशक्यच होतें. १९९३ सालच्या किल्लारीच्या भूकंपासारख्या प्रसंगीं याचा अर्थ काय होत असेल, ही कल्पनाच करावी. आतां तेंच ध्वनिमुद्रण संगणकावरून कांहीं मिनिटांत जातें.

अंकीय प्रक्षेपणाचा, म्हणजे ज्यास डी. आर. एम्. म्हणतात त्याचा प्रयोगही अनेक केंद्रांनीं केला आहे. कमी शक्तींत खरखर नसलेला आवाज त्यानें मिळतो. पण तो ऐकावयास निराळें यंत्र लागतें आणि तें खेड्यापाड्यांत कोणाकडे नाहीं. श्रोत्याच्या घरीं नसलेल्या यंत्रासाठीं प्रक्षेपकाची सुधारणा करणें म्हणजे पाहुण्याच्या आधीं त्याचा घोडा जेवूं घालणें होय.

मग या पैशाचा हिशेब एकदां सरळ मांडला पाहिजे. बी. बी. सी. ची हिंदी लघुलहर-सेवा जानेवारी २०२० अखेर संपली. मनिलाहून आशियांतील अनेक भाषांत बोलणाऱ्या कॅथोलिक 'रेडिओ व्हेरितास' नें २०१८ सालीं लघुलहरी सोडल्या व इंटरनेटचा मार्ग धरिला. आज शाळेंतल्या बहुतेक मुलांच्या घरीं मोबाईल आहे, आणि लघुलहरी पकडणारा रेडिओ शोधावा तर आजोबांच्या माळ्यावर. अशा वेळीं मनोरे उभारणें हा हट्ट नव्हे काय? मला वाटतें, शहरापुरतें हें खरें आहे. नवी मुंबईसाठीं कोणी शंभर किलोवॅटचें यंत्र घेतलें तर तो पैसा वायां गेला असें मी म्हणेन. परंतु मोबाईलला जवळ मनोरा लागतो, महिन्याचें भाडें लागतें, आणि हुकूम झाला कीं तो एका क्षणांत बंदही होतो. शिवाय कोण काय ऐकतो याची नोंद कोठें तरी राहते. लघुलहरीस यांतलें कांहीं लागत नाहीं. दोन बॅटऱ्यांवर चालणारा ट्रान्झिस्टर घेऊन कोणी मेंढपाळ रानांत काय ऐकत आहे, हें ज्याच्या तोंडून शब्द निघाले त्यासही समजत नाहीं. ज्या देशांत उघडपणें उपासना करतां येत नाहीं तेथील श्रोत्याला हा दोष नसून आधार वाटतो. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वीं 'कोणासाठीं?' हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचें उत्तर केंद्राच्या कचेरींत मिळत नाहीं, श्रोत्यांच्या पत्रांत मिळतें.

येथें विद्यार्थ्यांना करण्यासारखें कांहीं आहे. माळ्यावरचा रेडिओ काढा व सायंकाळीं गच्चीवर न्या. घरांत ऐकूं नका, कारण एल. ई. डी. चे दिवे, मोबाईलचे चार्जर व इन्व्हर्टर हे सगळे लघुलहरींवर खरखर निर्माण करितात. आजकाल केंद्र क्षीण नसतें, आपली इमारत गोंगाट करीत असते. शक्य असल्यास वडील माणसांबरोबर खारघरच्या डोंगराकडे जा. रेडिओच्या एरियलला सात-आठ मीटर साधी तार जोडून ती खिडकीबाहेर वा झाडावर आडवी ताणा; विजेच्या तारांपासून मात्र दूर रहा, आणि पावसाळी गडगडाट असेल तर ती तार काढून ठेवा. मग ९ ते १२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत सांवकाश कांटा फिरवा.

एखादें केंद्र सांपडलें तर त्यास ग्रहणाचा वृत्तांत लिहून पाठवावा. त्यांत पांच आंकडे देण्याची रीत आहे, प्रत्येक १ ते ५ पर्यंत. पहिला आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या केंद्रांच्या अडथळ्याचा, तिसरा खरखरीचा, चौथा आवाज चढण्या-उतरण्याचा व पांचवा एकंदरीचा; ५ म्हणजे उत्तम. नुसते '५५५५५' लिहून कोणाचें हित होत नाहीं. ऐकूं नीट येत नसेल तर तसेंच लिहावें, कारण एरियलचा झोत कोठें पडतो हें यंत्रज्ञांना अशाच पत्रांवरून कळतें. काय ऐकलें याचा चार ओळींत तपशील द्यावा, म्हणजे पत्र खरें आहे हें ताडून पाहतां येतें. पटल्यास बहुतेक केंद्रें पडताळणीचें चित्रमय कार्ड पाठवितात. वेळ ग्रीनिचच्या हिशेबानें लिहावी लागते. आपल्या घड्याळांतून साडेपांच तास वजा करावे. रात्रीं नऊ वाजतां ऐकलें असेल तर १५.३० असें लिहावें.